रांगेतला सांगावा

आपला बाप गेला, हे अमृतला साताऱ्यात पोवई नाक्यावर चहाच्या टपरीशी उभा असताना कळलं. मोबाईल खिशात थरथरला. एका हातात काचेचा ग्लास होता, दुसऱ्या हातानं त्यानं मोबाईल काढला, अंगठ्यानं उघडला आणि वाचलं : नाथाजी गणपती फडतरे यांचे अल्पशा आजाराने दुःखद निधन झाले आहे, अंत्यविधी आज दुपारी राहत्या गावी, सर्व भावकीने नोंद घ्यावी. वाचलं आणि खरं मानलं. का मानू नये? बाप अंथरुणाला खिळलेला, आज ना उद्या हे व्हायचंच होतं. शिवाय मेसेज काही ऐऱ्यागैऱ्याकडून आला नव्हता. गावोगावच्या भावक्यांना मयताची बातमी पोचवणारी 'सांगावा' नावाची जी सेवा आहे, तिच्याकडून आला होता. आणि मग जे झालं ते अमृतनं पुढं कधीच कुणाला सांगितलं नाही. छाती भरून आली नाही, पाय लटपटले नाहीत. त्याला हलकं वाटलं. पाठीवरचं पोतं कुणीतरी मागून अलगद उतरवून घ्यावं तसे त्याचे खांदे खाली आले, मानेत घर करून राहिलेली कळ सुटली, आणि मनात पहिला विचार आला तो हा, की आता संध्याकाळी गाडी दामटत घरी जायला नको. चहाचा घोट घशाखाली उतरला. चांगला लागला. आलं जरा जास्तच पडलं होतं आज. हे सगळं एका श्वासात झालं, आणि दुसऱ्या श्वासाला त्याला आठवलं की हा मेसेज सकाळी आपणच लिहिलाय.

गोष्ट साधी होती, म्हणजे त्या धंद्यातल्या माणसाला साधी. दिग्विजयच्या कंपनीत (कंपनी कसली, नाक्याजवळ जिन्याखालच्या दोन खोल्या आणि एक बंद पडणारा पंखा) नवा लॅपटॉप आला होता. 'सांगावा'चा पीएचपीमधला एपीआय, म्हणजे मोबाईलवरच्या ॲपनं काही मागितलं की पडद्यामागून ते पुरवणारा, निरोप पुढं धाडणारा प्रोग्रॅम, त्या नव्या मशीनवर उभा करायचा होता. पुढच्या सुधारणा तिथं करायच्या होत्या. कोड उतरवून घ्यायचा. कंपोझर नावाचा हमाल लागतील ती पुडकी आणून रचतो, ती रचू द्यायची. डेटाबेस जोडायचा. आणि शेवटी एनव्ही फाईल भरायची. ही फाईल म्हणजे घरातलं किल्ल्यांचं कडं, डेटाबेसचा पासवर्ड तिच्यात, मेसेज पाठवणाऱ्या कंपनीची चावी तिच्यात. रीत अशी, की कामाच्या मशीनवर नमुन्याची कोरी फाईल घ्यायची, चावीची जागा रिकामी ठेवायची आणि मेसेज कुठं जावा त्या ओळीत 'लॉग' लिहायचं. मग मेसेज माणसाला जात नाही, नुसता एका फायलीत उतरून पडून राहतो. ही रीत अमृतनंच लिहून ठेवली होती, नव्यानं येणाऱ्यांसाठी. आणि लोकासांगे ब्रह्मज्ञान म्हणतात त्यातली गत, त्यानंच आज जुन्या लॅपटॉपवरची फाईल जशीच्या तशी पेनड्राइव्हनं आणून टाकली, खऱ्या चावीसकट. डेटाबेसही चालत्या सर्व्हरची नक्कल. भावक्या खऱ्या, माणसं खरी, मोबाईल नंबर खरे. झोप झाली नव्हती. आबांनी रात्री दोनदा अंथरूण ओलं केलं होतं, आणि आईच्यानं आता त्यांना एकटीनं उचलवत नाही.

सगळं उभं राहिल्यावर चाललंय का बघायला एक खोटं मयत घालावं लागतं. एरवी तो 'चाचणी चाचणी' असं नाव घाली. पण दिग्विजयनं नुकताच नवा नियम घालून घेतला होता, की भावकीच्या यादीत नसलेल्या माणसाचं मयत घेऊ नये, नाहीतर कुणीही उठेल आणि थट्टा करेल. एपीआयनं 'चाचणी'ला नकार दिला. यादीतल्या गावांपैकी एकाच गावाचा नंबर त्याला पाठ होता, आपल्या. तो घातला. नावाच्या जागी बोटं आली आणि त्यांनी लिहिलं, नाथाजी गणपती फडतरे. बोटांनीच लिहिलं, असं तो पुढं कितीतरी दिवस स्वतःला सांगत राहिला. उत्तर आलं, सगळं ठीक. मेसेज काही गेला नाही, कारण तो लगेच जात नसतो. तो रांगेत पडतो, आणि रांग पुढं ढकलणारा प्रोग्रॅम वेगळा चालू करावा लागतो. अमृतनं तो चालू केला नव्हता. मग दुसरंच काहीतरी निघालं, त्यात तास दोन तास गेले, आणि चहाला उठताना त्याला आठवलं की रांग तपासायची राहिली. त्यानं रांग चालू करायचा हुकूम दिला, खुर्ची मागं सारली आणि जिना उतरला. मागं पडद्यावर एकेक नंबर मार्गी लागत होता.

त्यानं घरी फोन लावला तर लाईन लागेना. लावता लावताच समोरून कोरेगावच्या आत्तीचा आला. सुलाबाई, आबांची पाठची बहीण. तिनं हॅलोसुद्धा म्हटलं नाही. "माझा दादा गेला रंऽ, आरं माझं म्हायार बुडालं रंऽ," असा टाहो फोडला की टपरीवरची माणसं वळून बघायला लागली. तो "आत्ती, ऐक, आत्ती," म्हणत राहिला, पण तिच्या रडण्यात शिरायला कुठं फटच नव्हती, आणि मग फोन तिच्या हातातून पडला असावा. सांगलीहून बहीण राणीचा आला, "मी निघाले रं दादा, गाडी बघितलीय," आणि तोही कटला. तिला परत लावला तर बंद. शेवटी त्यानं दिग्विजयला गाठलं. म्हणाला, एक दुरुस्तीचा मेसेज सोडतो, की आधीचा चुकून गेला. दिग्विजय शहाणा माणूस, त्याला आधी धंदा दिसला. "येडा आहेस का तू? जिवंत माणसाला मारलं म्हणून उद्या सगळा जिल्हा हसेल आपल्याला. एक भावकी टिकायची नाही. गाव तुझं, बाप तुझा. जा आणि घरातल्या घरात मिटव." अमृतनं मोबाईल खिशात टाकला. त्याला राग आला नाही, कारण त्याच्या डोक्यात दिग्विजय नव्हताच. त्या चहाच्या घोटाची चव तेवढी जिभेवर होती, आणि ती जात नव्हती.

कोरेगावच्या रस्त्याला लागल्यावर वारं तोंडावर यायला लागलं. दोन्ही अंगाला ऊस, तुरे फुटलेला, मधूनच एखाद्या फडात कोयते चाललेले. याच रस्त्यानं आबा रजेवर यायचे. फौजेत ड्रायव्हर होते, डोंगरात रसदीच्या गाड्या नेत. ते यायचे तेव्हा आधी काळी ट्रंक यायची, पांढऱ्या रंगात नाव लिहिलेली, मग आबा यायचे, आणि घरातला आवाज एकदम खाली यायचा. आई पदर सारखा करायची. राणी कोपऱ्यात अभ्यासाला बसायची. ताटात काही उष्टं पडलं तर आबा बोलत नसत, नुसते ताटाकडं बघत बसत, आणि ते बघणं मारापेक्षा वाईट होतं. एकदा, बारकाच होता, अमृतनं सगळ्यांसमोर विचारलं होतं, "आबा, तुमी परत कवा जानार?" आई तोंडावर हात ठेवून आत पळाली. आबा हसले होते. म्हणाले, "जातो की गड्या, आठ दिस तर ऱ्हाऊ दे." बाप एखाद्या पोराला रजेसारखा वाटावा, संपायची वाट बघायला लावणारा, यात दोष कुणाचा? पण मग हाच बाप कराडला इंजिनिअरिंग कॉलेजच्या आवारात दिवसभर उन्हात उभा होता. आत ॲडमिशनची रांग, बाहेर आबा, डोक्याला टॉवेल बांधून, आणलेली भाकरी न खाता. संध्याकाळी अमृत बाहेर आला तेव्हा एवढंच म्हणाले, "जमलं का?" आणि भाकरीचं गाठोडं त्याच्यापुढं केलं. या आठवणीनं आत्ता तरी काही हलायला हवं होतं. त्यानं गाडीवर बसल्या बसल्या ती मुद्दाम उकरून काढली होती, हे त्याला कळत होतं.

दोन वर्षांपूर्वी आबांच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात, उजवा पाय, अर्धं तोंड. डॉक्टर म्हणाले, सेवा करा. सेवा हा शब्द ऐकायला किती चांगला. त्या शब्दात वास नसतो. सकाळी उठून कूस बदलायची, पुसायचं, पावडर लावायची, पाठीला पडलेल्या जखमा बघायच्या, मग साताऱ्याची वाट धरायची. रात्री परत तेच, आणि मध्ये कधी हाक येईल त्याचा नेम नाही. पस्तिशीला आला तरी लग्न नाही, कारण खाजगीतली नोकरी आणि घरात असा माणूस, कोण पोरगी देतंय? बघायला गेलेल्या एका घरात पोरीच्या आईनं तोंडावर विचारलं होतं, "तब्येत कशी हाय तुमच्या वडलांची? म्हंजी, अजून किती?" अमृतला तिचा राग आला होता तेव्हा. आता रहिमतपूर मागं टाकताना वाटलं, बाई निदान तोंडानं बोलली.

घरापुढं गाड्या लागल्या होत्या. अंगणात माणसं, पुरुष एकीकडं डोक्यावर टॉवेल घेऊन, बायका दाराशी. पण काहीतरी बिनसलं होतं. अर्ध्या बायका रडत होत्या आणि अर्ध्या गप्प, एकमेकींकडं बघत. आत सोप्यात लोखंडी खाटेवर आबा उशांना टेकून बसवलेले, जिते जागते, डोळे टक्क उघडे, आणि सुलाबाई त्यांच्या छातीवर पडून एकाच वेळी रडत आणि हसत होती. त्यांच्या गालावर थोपटत होती, चापट मारावी तशी. "हाईस रं दादा तू? हाईस न्हवं? दावलास न्हवं तोंड मला?" भावकीतले वडीलधारे नानासो उंबऱ्यात उभे होते, हातात मोबाईल, चेहरा लालबुंद. "कुणाचा चावटपणा हाय ह्यो? आं? जित्या मानसाला मारत्यात व्हय? माझी शेरडं तशीच रानात सोडून आलोय मी. सरणाचं लाकूड सांगून बसलोय." मग त्यांची नजर अमृतवर गेली. "आन हा तुझ्याच हापिसातनं आलाय न्हवं रं मेसेज?"

अमृतनं तोंड उघडलं. तो खरं सांगणार होता, शपथेवर सांगणार होता, की मशीनवर काम उभं करताना चूक झाली, तपासणीचा मेसेज होता. पण आई मध्ये आली. विजयमालाबाई जन्मात कधी चार माणसांत मोठ्यानं बोलल्या नव्हत्या. "आवं भावजी, कावळा बसला व्हता ह्यांच्या डोस्क्यावर," त्या म्हणाल्या. "सकाळी उन्हाला म्हनून अंगणात बाज टाकून ठेवलं व्हतं. मी पानी आनाय आत वळले, तवर बसला मुडदा. मीच म्हनलं अमृतला, धाड सांगावा."

अंगणातल्या सगळ्यांचे श्वास एकदम सुटले. कावळा डोक्यावर बसला की माणसावर मरण येतं, आणि ते टाळायचं तर माणूस मेल्याची खोटी बातमी पै-पाहुण्यांत धाडायची. पाहुणे रडले की मरणाचं मागणं तेवढ्यावर भागतं. पूर्वी यासाठी गडी पिटाळत, मग तारा करत. आता मेसेज. नानासोंचा राग कुठल्या कुठं गेला. त्यांनी मोबाईल बंडीच्या खिशात घातला. "मग असं बोला की! आगदी रीतीनं केलं." सुलाबाई मात्र उसळली. "वैनी, आगं मला तरी सांगायचं! काळीज फाटाय आलं व्हतं माझं." आई म्हणाली, "वन्सं, तुमाला सांगितलं असतं तर तुमी रडला असता व्हय? मग ह्यांच्यासाठी रडनार कोन?" यावर नानासोंनी मान डोलावली. "खरं हाय. ठाव असलं की खोटं रडू येतं, आन खोट्या रडण्याला मरान फसत न्हाई." चुलीवर मोठं पातेलं चढलं. बायकांनी डोळे पुसले आणि कपबशा धुवायला घेतल्या. कुणीतरी अमृतच्या पाठीवर थाप मारली. पोरगं शिकलं पण रीत विसरलं नाही, लेक असावा तर असा, असं त्याच्या कानावर आलं. राणी कराडपर्यंत पोचली होती, तिला नानासोंनीच फोनवर सांगितलं. ती तिथूनच भडकली, "असला खेळ परत केलासा तर मी न्हाई यायची, सांगून ठेवते," आणि माघारी गेली. अमृत चहाचा कप हातात धरून उभा राहिला. आईकडं त्याला बघवत नव्हतं. तिला कसं कळलं? काय कळलं तिला? आणि या सगळ्या गलबल्यात आबा, पूर्वी ताटाकडं बघत तसे, एकटक, अमृतकडं बघत होते.

माणसं पांगल्यावर आई धारेला गेली. अमृत पेज घेऊन खाटेशी बसला. आबांचं बोलणं आता अर्ध्या तोंडातून येई, शब्द ओला होऊन, पण ज्याला सवय आहे त्याला सगळं कळे. दोन चमचे गिळल्यावर ते म्हणाले, "वाच."

"काय, आबा?"

"मेसेज. वाच."

त्यानं मोबाईल काढून वाचला. आवाज सपाट ठेवला. आबा शेवटपर्यंत ऐकत राहिले, मग त्यांच्या चालत्या बाजूच्या ओठाला हसू फुटलं. "अल्पशा आजारानं," ते म्हणाले. "दोन वर्सं माझं हागणं-मुतणं काढलंस. आन अल्पशा."

"ते वाक्य ठरल्यालं असतंय, आबा. समद्यांना तेच जातंय."

"कावळा न्हवता."

"न्हाई."

"तुझी आई मला अंगणात न्हेतीय व्हय? तिच्यानं माझी कूस बी हालत न्हाई."

मग अमृतनं सांगायला सुरुवात केली. नवं मशीन, चावीची फाईल, रांग. बोलता बोलता त्याच्या लक्षात आलं की आपण फार बारीकसारीक सांगतोय, पोलिसाला सांगावं तसं. आबांनी ऐकून घेतलं. "नाव माझंच का?" एवढंच विचारलं.

"भावकीतलं नाव लागत व्हतं."

"भावकीत तू बी हाईस."

पेजेवर साय धरली होती. अमृतनं ती चमच्यानं बाजूला केली, परत मध्ये आणली, परत बाजूला केली. आबांनी वाट बघितली, फौजी माणसाला वाट बघता येते. मग विचारलं, "तुला बी आला का मेसेज?"

"आला."

"मग?"

"भ्यालो, आबा. लय भ्यालो."

आबा पुष्कळ वेळ बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांत राग असता तर अमृतला बरं वाटलं असतं. "खोटं बोलाय आईवर गेलास," ते म्हणाले. "कूस बदल माझी." त्यानं एक हात त्यांच्या मानेखाली, एक कमरेखाली घातला आणि त्यांना भिंतीकडं वळवलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्यानं सगळं पुसून पहिल्यापासून मांडलं. कोरी फाईल घेतली, चावीची जागा रिकामी ठेवली, 'लॉग' लिहिलं. परत खोटं मयत घालायची वेळ आली तेव्हा त्यानं स्वतःचं नाव घातलं. मेसेज कुठं गेला नाही, फायलीत उतरला. अमृत नाथाजी फडतरे यांचे अल्पशा आजाराने दुःखद निधन. वाचून त्याला काहीच वाटलं नाही, आणि या काहीच न वाटण्याची त्याला भीती वाटली. दिग्विजयनं विचारलं, मिटलं का? तो म्हणाला, मिटलं. मिटलं कसलं. घरात आता एक नवीनच गोष्ट राहायला आली होती. नानासो येता जाता दारातून ओरडत, "नाथा आता शंभरी गाठतोय बगा!" आणि आबा भिंतीकडं तोंड करून पडून राहत. त्यांनी अमृतशी बोलणं कमी केलं नाही, उलट बारीकशा कामालासुद्धा त्यालाच हाक मारू लागले, आणि तो आला की आधी त्याच्या तोंडाकडं बघत. काय बघत होते? पाठ पुसताना, चादर ओढताना अमृत आपला चेहरा सांभाळू लागला. कपाळाला आठी येऊ द्यायची नाही, सुस्कारा सोडायचा नाही, घाई दाखवायची नाही. हा चेहरा घालून तो घरात शिरे आणि सकाळी रस्त्याला लागल्यावर काढी. दमायचा त्यानंच जास्त. हळूहळू आबांचं खाणं तुटलं. आई एकदा चुलीपुढं बसून म्हणाली, "मी कावळ्याचं खोटं बोलले, त्यानं तर न्हाई रं झालं?" "न्हाई गं," तो म्हणाला. "मग कशानं?" तिनं विचारलं, आणि तीही त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. त्याला त्या वेळी मोकळं व्हावंसं वाटलं. टपरीवरचा तो एक श्वास आईच्या पदरात टाकावा आणि म्हणावं, बघ, मी असा आहे. पण आईला ते माहीत असेल, आणि ती त्याच्यावर पांघरूण घालेल, जसं त्या दिवशी सगळ्या गावासमोर घातलं, या विचारानंच तो उठून बाहेर गेला.

फडातला ऊस बहुतेक तुटून गेला होता तेव्हाची गोष्ट. सकाळी उजाडता आईनं हाक मारली. "बग रं जरा. आबा बोलंनात." तो गेला. हात गार होता, पण हात रोजच गार असे. त्यानं नाकाशी बोट धरलं, मग छातीवर कान ठेवला. खोली अगदी स्वच्छ शांत होती. आई भिंतीला पाठ लावून खाली बसली, पदर तोंडात धरला आणि आवाज न करता रडायला लागली. अमृत तिथंच गुडघ्यावर बसून राहिला. तो वाट बघत होता. ते हलकं वाटणं येईल असं त्याला वाटत होतं, तशी त्यानं तयारीही ठेवली होती, की आलं तर येऊ द्यायचं, आता लाजायचं नाही. ते आलं नाही. दुःख तरी येईल म्हणून त्यानं कराडचं ऊन आठवलं, भाकरीचं गाठोडं आठवलं. तेही आलं नाही. त्यानं आबांचे डोळे मिटले, हनुवटीला फडकं बांधलं, दोन वर्षं जशी सगळी कामं केली तशीच नेटकी.

"आदी वन्सास्नी फोन कर," आई म्हणाली. "त्या आन राणी आल्याबिगर उचलाय न्हाई यायचं. तो मेसेज नको बाबा. फोनच कर."

तो अंगणात आला आणि कोरेगावला फोन लावला. आत्तीनं उचलला, मागं रेडिओ चालू होता. "आत्ती, आबा गेलं," तो म्हणाला.

पलीकडं आत्ती हसली. "आता परत कावळा बसला व्हय?"

"न्हाई, आत्ती. खरंच गेलं. झोपंतच."

"आरं पर एकदा रडून झालं की रं माझं. येका मानसासाठी कितींदा मरान भागवायचं? मागल्या वक्ताला चार दिस छातीत दुकत व्हतं माझ्या."

"शपथ, आत्ती. मी खरं सांगतोय. तू ये. तुझ्यासाठी थांबलोय."

तिनं रेडिओ बारीक केला असावा, कारण आता तिचा श्वास ऐकू येत होता. ती त्याचा आवाज ऐकत होती, नीट, कान देऊन. "तू रडत न्हाईस," ती म्हणाली. "बाप मेल्यावर पोरगं असं बोलतं व्हय, बँकेतल्यावानी? खोटं हाय. माझा दादा बरा हाय." तिच्या आवाजात सुटका झाल्याचा आनंद होता, अगदी भाबडा. "वैनीला सांग, सुला आता फसायची न्हाई. ठेव फोन, लबाडा." आणि तिनं ठेवला.

अमृत अंगणात उभा राहिला. ऊन आता जोत्यावर चढलं होतं. रस्त्यानं उसाची एक ट्रॉली हलत डुलत गेली, वरच्या माणसानं त्याला हात केला, त्यानंही केला. मग त्यानं परत नंबर लावला. आत्तीनं उचलला तेव्हा तो बोलला नाही. त्यानं डोळे घट्ट मिटले, तोंड उघडं टाकलं आणि घशातून आवाज काढला. पहिल्यांदा तो खोकल्यासारखा निघाला. दुसऱ्यांदा जमला. बायका रडतात तसा वर चढवत नेला, मध्ये तोडला, श्वास ओढला, परत चढवला. "आत्ती," तो म्हणाला, "आबा गं... आत्ती..." आणि पलीकडून, जणू धरण फुटलं, सुलाबाईचा हंबरडा आला. "दादाऽऽ रंऽऽ!" ते रडणं खरं होतं. त्यात काडीचं खोटं नव्हतं. अमृतनं मोबाईल कानापासून लांब धरला आणि ती निघते म्हणेपर्यंत मधूनमधून तोच आवाज काढत राहिला. मग बंद केला. डोळ्यांना बोट लावून बघितलं. कोरडे होते.

तो वळला तर आई दारात उभी होती. कधीपासून, ते कळायला मार्ग नव्हता. तिचा चेहरा रडून सुजला होता आणि ती त्याच्या डोळ्यांकडं बघत होती. ती जवळ आली, आणि त्याच्या हातातून मोबाईल काढून घेतला.

"राणीला मी करते फोन," ती म्हणाली. "तू आत जा. त्यास्नी एकलं सोडू नगं."